आधी कंदील सोडतात

२०१९च्या महापुरानंतर आमच्या घरात अडीच वर्षांहून जास्त काळ फ्रीज नव्हता. सांगलीच्या गावभागात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्या सगळ्यांचेच फ्रीज गेले होते. चिखलाने भरलेले, दारं लोंबकळणारे फ्रीज गल्लीच्या तोंडाशी एकावर एक पडले होते. पण दिवाळीपर्यंत बहुतेकांकडे नवे आले. आमच्याकडे आला नाही. कुणी विचारलं की मी सांगायची, "ताजं करावं, ताजं खावं, काय अडतंय?" सासूबाईंच्या इन्शुलिनचा साठा समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असायचा आणि वापरातली बाटली माठाशेजारी ओल्या वाळूतल्या बोळक्यात. घरच्यांना वाटलं, मी काटकसर करतेय. दोघातिघींनी कौतुकही केलं.

फ्रीज तरंगतो. घट्ट दाराची, आत हवा कोंडलेली पेटी ती. गुडघ्याच्या वर पाणी आलं की जमीन सोडते आणि आडवी होते. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. फळ्यावर आर्किमिडीज वीस वर्षं काढतेय, पण स्वयंपाकघरातला फ्रीज हे त्याचंच उदाहरण आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं.

आमच्या जिन्याशेजारी भिंतीवर २००५च्या पाण्याची खूण आहे. सासऱ्यांनी तेव्हा ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि ह्याच्यावर पाणी येत नसतं, अशी पुढची चौदा वर्षं अख्ख्या गावभागाची श्रद्धा होती. रेघेच्या वर वीतभर सामान चढवलं की आपलं काम झालं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

नवरा पुण्यात नोकरीला, आणि रस्ते बंद. घरात मी आणि सासूबाई, दोघी वरच्या मजल्यावर. रात्री साडेदहाच्या सुमाराला मी इन्शुलिन आणायला खाली उतरले. पाणी मांडीला लागत होतं. बोळात काहीतरी वळवळत गेलं. साप असावा, किंवा नुसती दोरीही असेल. मी स्वयंपाकघरात शिरले आणि मागे दार लावून घेतलं. आत वळते तोवर फ्रीज उचलला गेला होता. तो फिरला, आडवा झाला आणि दार नि ओटा यांच्यामध्ये असा अडकला की दार आतल्या बाजूला उघडेना. मी ओट्यावर चढले. सकाळी साडेसहापर्यंत ओट्यावरच होते.

पाणी चढत होतं ते घाईने नाही. ओट्यामागच्या टाइल्स चार इंची आहेत. तासाला साधारण एक टाइल बुडत होती. अंधारात मी बोटाने टाइल्स मोजायची. वर सासूबाई काठीने जमिनीवर ठोकायच्या, ठक ठक. मी पळीने खिडकीच्या गजावर ठोकून उत्तर द्यायची. फ्रीजही मधूनमधून दारावर आपटायचा, तोही ठक. अडीच-तीनच्या सुमाराला वरचं ठोकणं थांबलं. सकाळी भावजी आणि गल्लीतली दोन पोरं ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून आली, पहारीने गज उचकटले आणि मला बाहेर काढलं. तेव्हा पाणी ओट्यावर उभ्या माझ्या मांडीपर्यंत होतं. बुडायला अजून बराच अवकाश होता, हे गणित मला आज जमतं.

सासूबाई वर गाढ झोपल्या होत्या. "अगं, वाट बघता बघता डोळा लागला," म्हणाल्या.

ही गोष्ट मी लोकांना हसत हसत सांगायची. पूर ओसरल्यावर सांगलीत प्रत्येकाकडे एकेक गोष्ट होती, आणि पलूसकडे ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, त्यांच्यापुढे माझी गोष्ट म्हणजे काहीच नाही, असं मला मनापासून वाटायचं. घर धुतलं, भिंती वाळल्या, शाळा सुरू झाली. आणि साधारण दोन महिन्यांनी, पाणी कुठेच नसताना, मला स्वयंपाकघराचं दार बंद झालेलं चालेना. दाराला वीट लावून ठेवायला लागले. शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की तोंडात लोखंडाची चव यायची. शाळेत शिपाई भिंतीत खिळा ठोकत होते, ते मध्येच थांबले, आणि मी शिकवता शिकवता गप्प झाले. ठोकण्याचा त्रास नव्हता, ठोकणं थांबण्याचा होता. मुलांनी पाणी आणून दिलं.

शिवाय फूट मोजणं. सांगलीत पावसाळ्यात सगळेच फूट मोजतात. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, कोयनेतून विसर्ग इतके हजार क्युसेक, खालच्या अलमट्टी धरणाचा फुगवटा. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत इथं सगळे पाटबंधारे खात्यातले. पण मी डिसेंबरात मोजायची. नदीत पाणी घोट्याएवढं असताना रात्री तीनला उठून मोबाइल बघायची. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मन रमवायला सांगितलं. मी भरतकाम शिकले. चांगलं जमतं मला आता.

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. आयर्विनला ३८ फूट झाल्याबरोबर मी सासूबाईंना घेऊन विश्रामबागला भावजींकडे गेले. तिथं कसलंही भय नाही, तो भाग उंचावर. त्या रात्री दोन वाजता माझा दहा वर्षांचा पुतण्या पाणी प्यायला उठला तेव्हा त्याची काकू अंधारात त्यांच्या ओट्यावर उभी होती आणि भिंतीवर बोटाने काहीतरी मोजत होती. त्यांचा फ्रीज सुरू होताना गुरगुरतो, एवढंच निमित्त. मी तिथं कशी गेले, मला आठवत नाही. पोराने आईला हाक मारली नाही, बापालाही नाही. तो दारात उभा राहून म्हणाला, "काकू, इथं पाणी येत नाही." ते त्याचं वाक्य मी पुढे वर्षभर वापरलं.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथल्या एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमकडे मी गेले. त्यांनी दोन भेटींत सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, हा पीटीएसडी आहे, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार. मी म्हटलं, तो सैनिकांना होतो. त्या म्हणाल्या, नाव त्यांच्यामुळे पडलं, ते खरं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या दुखण्यामुळे १९८०मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे निदान आलं. पण मेंदू पाणी आणि गोळी यांत भेद करत नाही.

मला तिथं बसल्या बसल्या आजी आठवली. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आजी घरात झोपलेली होती. त्यानंतर मरेपर्यंत ती उशाशी तांब्यावर तांब्या, त्यावर वाटी अशी उतरंड रचून झोपायची. जमीन हलली तर आधी वाटी वाजेल. आम्ही पोरं मुद्दाम वाटी हलवायचो आणि ती ताडकन उठून अंगणात पळायची. आम्हाला गंमत वाटायची. तिच्या त्या वाटीला कुणी आजार म्हटलं नाही. सवय म्हटलं. आणि योग असा की ज्या धरणाच्या पायथ्याशी ती घाबरली, त्याच धरणाच्या दरवाजांचे आकडे मी इथं सांगलीत रात्री तीनला बघत होते.

मॅडमनी जे उपचार केले त्याला प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत बसवली. साधारण आठ ते पंधरा भेटी, एकेक भेट दीड तासाची. ज्या गोष्टीपासून तुम्ही पळता, तिच्याकडे हळूहळू, सोबतीने, पुन्हा पुन्हा जायचं. ऐकायला इतकं साधं आहे की मला पैसे वाया गेल्यासारखं वाटलं. डोळे मिटायचे आणि ती रात्र वर्तमानकाळात सांगायची. 'मी उतरले' नाही, 'मी उतरतेय.' 'पाणी गार होतं' नाही, 'पाणी गार आहे.' संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड व्हायचं आणि ते घरी रोज ऐकायचं. शिवाय एक यादी: कशाकशाची भीती वाटते, आणि शून्य ते शंभरात किती. माझ्या यादीत स्वयंपाकघराचं दार पाच मिनिटं बंद ठेवणं ५५ला होतं, दुकानात जाऊन फ्रीज उघडणं ७०ला, संध्याकाळी एकटीने विष्णू घाटाच्या खालच्या पायरीवर बसणं ८०ला.

पहिल्या तीन आठवड्यांत मी आधीपेक्षा वाईट झाले. हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवते. मिरजेहून बसने येताना खिडकीला डोकं टेकून रडायची. एकदा घरी येऊन चपला न काढताच जिन्यात बसून राहिले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांचं माहेर हरिपूर. वडील, काका सगळे हळदीच्या व्यवहारातले. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत हळदीची पेवं होती. वरून तोंड अरुंद, खाली पोट मोठं, त्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि तिला कीड लागायची नाही. २००५च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. आता 'पेव फुटलं' हे आपण क्लासेसच्या नाही तर पतसंस्थांच्या बाबतीत म्हणतो, खरं पेव बघितलेलं कोण उरलंय?

त्या म्हणाल्या, "पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नसे बघ. आतली हवा मारते माणसाला. तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं. मग दोरीने कंदील आत सोडायचा. विझला तर वर घ्यायचा. पुन्हा थांबायचं. तुझ्या त्या बाई घाई करतायत का?"

घाई करत नव्हत्या. माझाच कंदील विझत होता.

शिक्षिका असल्यामुळे असेल, मला नुसतं बरं व्हायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं. मी वाचायला लागले. पहिल्यांदा भेटला तो रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह. घंटेमागून खाणं मिळायची सवय लागली की नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे तर मी दरवर्षी शिकवते. पण पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट अशी की १९२४च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला आणि पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत छताकडे चाललं, आणि पिंजऱ्यांची दारं खाली. माणसांनी त्यांना पाण्याखालून ओढून बाहेर काढलं. कुत्री वाचली, पण त्यांतल्या काहींचं सगळं शिक्षण पुसलं गेलं. घंटेला ती पूर्वीसारखी प्रतिसाद देईनात. बऱ्याच दिवसांनी ती पूर्ववत झाल्यावर पावलॉव्हने खोलीच्या दाराखालून नुसती पाण्याची धार आत सोडली. कुत्री पुन्हा सैरभैर झाली.

हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुझी टाकी." हो, माझी टाकी.

पावलॉव्हलाच आणखी एक गोष्ट दिसली होती. घंटा वाजवून खाणं दिलंच नाही, असं पुष्कळदा केलं की लाळ येणं बंद होतं. पण मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा घंटा वाजवली की लाळ परत येते. म्हणजे जुनं शिक्षण खोडलं जात नाही. त्याच्यावर नवं शिक्षण बसतं. घंटा म्हणजे खाणं, हेही मेंदूत राहतं, आणि घंटा म्हणजे नुसती घंटा, हेही राहतं. दोघांची चढाओढ चालू असते. मला हे वाचून आधी राग आला. एवढा खर्च, एवढं रडणं, आणि पुसलं काहीच जाणार नाही?

मग मेंदूच्या वाटेला गेले. तिथं तीन नावं सारखी येतात. अमिग्डाला, बदामाएवढा, धोक्याचा भोंगा वाजवणारा. हिप्पोकॅम्पस, घडलेल्या गोष्टीला स्थळ आणि तारीख लावणारा. आणि कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. त्यातला मधला, खालचा भाग भोंग्याला सांगतो की पुरे आता. सांगलीच्या माणसाला हे समजायला जड नाही. आपल्याकडे पूर कृष्णेत येतो, पण तो एकट्या कृष्णेचा नसतो. कोयनेत किती सोडलं, वारणेतून किती आलं, खाली अलमट्टीत किती अडवलं, आणि मुख्य म्हणजे एकाने दुसऱ्याला वेळेवर कळवलं का, यावर गल्लीत किती येणार ते ठरतं. पीटीएसडीच्या बऱ्याच अभ्यासांत हेच दिसतं: भोंगा जोरात, पुरे म्हणणारा भाग क्षीण, आणि तारीख लावणाऱ्याचा निरोप पोचत नाही. म्हणून २०२१ची रात्र २०१९ची होते. विश्रामबागचा ओटा गावभागातला होतो.

हे जोडणीचं प्रकरण शास्त्रज्ञांना दिसतं कसं, याची गोष्ट मला फार आवडली. सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये दाखवलं की रक्तातल्या प्राणवायूच्या फरकामुळे एमआरआयच्या चित्रात फरक पडतो. म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय, हे कवटी न उघडता बघता येईल. पुढे १९९५मध्ये भरत बिस्वाल नावाच्या, तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या संशोधकाला एक विचित्र गोष्ट दिसली. माणूस यंत्रात नुसता पडून आहे, बोटही हलवत नाही. तरी डाव्या आणि उजव्या बाजूचे हात हलवणारे भाग एकाच लयीत वरखाली होतायत. ज्याला सगळे खरखर समजत होते, त्यात गाणं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. समोरच्या काकूंचे आणि आपले दिवे एकाच वेळी जातात, एकाच वेळी येतात, मागच्या गल्लीचे मात्र चालू असतात. तारा न बघता कळतं की आपण दोघी एका फीडरवर. मेंदूतली जोडणी मोजतात ती अशीच, भाग बरोबर उजळतात का, विझतात का, यावरून. तार कुणी पाहिलेली नसते. हे विसरून लोक फार मोठी विधानं करतात.

त्यातूनच मेंदूतली जाळी सापडत गेली. काही न करता आपण नुसते बसलेलो असतो, मागचं आठवतो, उद्याचं ठरवतो, स्वतःबद्दल विचार करतो, तेव्हा जे भाग एकत्र काम करतात त्या जाळ्याला मार्कस राइकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये डिफॉल्ट मोड असं नाव वापरलं. दुसरं एक जाळं राखणदाराचं: काय महत्त्वाचं, कशाकडे आत्ता बघायचं, ते ठरवणारं. तिसरं कारभाऱ्याचं: लक्ष देणं, धरून ठेवणं, आवरणं. आघातातून गेलेल्या अनेकांत पहिलं जाळं विस्कटलेलं आणि राखणदार सतत दांडका आपटत असलेला दिसतो. माझ्यापुरतं हे शब्दशः खरं होतं. नुसतं बसणं मला जमत नव्हतं. बसले की टाइल्स.

मग उपचारांनी यात काय होतं? अमेरिकेत मिशिगनमधल्या अँथनी किंग आणि सहकाऱ्यांचा २०१६चा अभ्यास आहे. अफगाणिस्तान आणि इराकहून परतलेले २३ सैनिक. काहींना सोळा आठवडे श्वासाकडे-शरीराकडे लक्ष देण्याचा सराव आणि भीतीला सामोरं जाणं, असा एकत्र उपचार दिला. बाकीच्यांना रोजच्या अडचणींवर भर देणारा दुसरा गट-उपचार. आधी आणि नंतर स्कॅन. पहिल्या गटात डिफॉल्ट मोडचा मागचा भाग आणि कारभाऱ्याच्या जाळ्यातला कपाळाच्या बाजूचा भाग यांची जोडणी वाढलेली दिसली. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावला: आठवण येणारी जागा आणि आठवणीला हात देऊन उठवणारी जागा एका फीडरवर आल्या. आठवण तीच, पण आता तिच्याकडून उठून दुसरीकडे जाता येतं.

२३ माणसं. एका वर्गातही यापेक्षा जास्त मुलं असतात. वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे भाग पुढे येतात, कुठे जोडणी वाढते, कुठे कमी झालेली बरी समजतात. शिवाय काही फरक आघाताआधीचेच असू शकतात. २००२मध्ये गिल्बर्टसन यांनी व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ तपासले. ज्यांना तीव्र पीटीएसडी होता त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. पण घरी राहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही लहानच होता. म्हणजे निदान काही प्रमाणात, भेग आधीची होती आणि पाणी तिथून आत आलं. हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते आजही ठरवता येत नाही. आजीची वाटी आठवली, एवढं खरं.

आणि एक. माझ्या मेंदूचा फोटो कुणी काढलेला नाही. पीटीएसडी स्कॅनवर ओळखत नाहीत. माणसाशी बोलून ओळखतात. नवऱ्याला ते पटेना. "मिरजेत एवढी एमआरआयची मशिनं आहेत, एकदा काढून बघू," असा त्याचा धोशा. मला कळत होतं त्याला काय हवंय. आपल्याकडे रिपोर्ट हातात आला की माणूस आजारी ठरतो. तोवर तो नाटकं करत असतो. त्याला भावकीत दाखवायला कागद हवा होता. मी त्याला त्या २३ सैनिकांचं चित्र मोबाइलवर दाखवलं, राखाडी मेंदूवर केशरी ठिपका. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खरंच असतं हे." दोन वर्षं मी ओरडून सांगत होते ते एका ठिपक्याने पटलं. मला त्या ठिपक्याचा राग आला, आणि उपकारही वाटले. त्या दिवसापासून त्याने 'विसरून जा' म्हणणं सोडलं.

चौथ्या भेटीत मॅडमनी मला थांबवलं. "तुम्ही तीनच्या सुमाराला नेहमी पटकन पुढे जाता. ठोकणं थांबलं, मग लगेच सकाळ. मधे काय आहे?" मधे काहीच नाही, मी म्हटलं. त्या गप्प बसल्या. त्यांना गप्प बसायचे पैसे मिळतात, हे मला तोवर कळलं होतं. मी पुन्हा डोळे मिटले. पाणी गार आहे. चौथी टाइल. वर ठक ठक. माझा दंड भरून आलाय, पळी जड झालीय. ठोकणं थांबतं. आणि मला वाटतं, बरं झालं. आता हात खाली घेता येईल.

एवढंच होतं ते. वर म्हातारी गेली असेल, हे कळायच्या आधीचा तो अर्धा क्षण. हात खाली घेण्याचा. त्याच्यावर मी अडीच वर्षांची माती लोटली होती.

मॅडम काही समजावत बसल्या नाहीत. "पुन्हा सांगा," म्हणाल्या. पुन्हा सांगितलं. त्या दिवशी चारदा. घरी रोज ऐकलं. पहिल्या दिवशी त्या जागी आकडा ९५ होता. दहाव्या दिवशी मी ते ऐकता ऐकता शेंगा सोलत होते आणि माझ्या लक्षात आलं, की त्या बाईचा हात खरंच दुखत होता. चार-साडेचार तास कोण पळी वाजवेल? आकडा ४०. पुढे कधीतरी २०. शून्य कधी झाला नाही. पुसलं जात नाही, याचा आधी आलेला राग तिथं कुठेतरी निघून गेला. मला ती रात्र पुसून नकोच होती. तिच्यावर तारीख हवी होती.

ही गोष्ट सासूबाईंना सांगायची की नाही, यावर मी महिनाभर काढला. शेवटी सांगितली. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "मला काय वाटलं माहितीय का? आता ही वाजवायची थांबेल तर डोळा लागेल माझा. तू काही थांबेनास." आणि वाती वळत राहिल्या.

विष्णू घाट फेब्रुवारीत जमला. दुकानातला फ्रीज मार्चात. तीन वेळा गेले, विक्रेत्या मुलाला वाटलं मी भाव पाडतेय. २०२२च्या पाडव्याला फ्रीज घरात आला. पहिल्या रात्री तो गुरगुरला तेव्हा मी उठले, ओट्याजवळ जाऊन उभी राहिले, भिंतीला हात लावला. कोरडी. इथं पाणी येत नाही, असं मात्र मला गावभागात म्हणता येईना, कारण इथं येतं. मग म्हटलं, आत्ता नाहीये. तेवढ्यावर झोप लागली.

अजूनही पावसाळ्यात मी फूट बघते, दिवसातून दोनदा, सगळ्यांसारखी. टाकी वाहिली की कधी कधी तोंडाला ती चव येते, मग जाते. दाराला वीट नाही, पण दार लावायचीही काही गरज पडत नाही.

मागच्या पावसाळ्यात पाणी चाळिशीला टेकलं तशी गल्लीत सामान वर चढवायची धांदल उडाली. भावजी पुतण्याला घेऊन मदतीला आले. पोरगं आता माझ्यापेक्षा उंच झालंय. दोघांनी गाद्या नेल्या, धान्याची पिंपं नेली. भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन जरा घुटमळले. मग विचारलं, "वहिनी, फ्रीजचं काय करायचं?"

"आधी तोच न्या," मी म्हटलं. "तो तरंगतो."